दोर आभाळात गेला, पण कागद कुठे आहे?

दिवाळी तोंडावर आली की माझ्याकडे दोन मागण्या येतात. घरातून चिवड्यासाठी खोबऱ्याचे पातळ काप करून देण्याची, आणि आप्तेष्टांकडून ‘जरा पुस्तकात बघून सांगा’ अशी. पहिल्या कामात माझा हात बसलेला आहे असे घरचे म्हणतात. दुसऱ्यासाठी हे सदर आहे.

यंदाची मागणी माजलगावहून आली. बीड जिल्ह्यातल्या सिंदफणेकाठच्या या गावात माझी भाची शिक्षिका आहे. तिचा निरोप मोबाइलवरच आला, पण लांबी जुन्या आंतरदेशीय पत्राची. ‘मामा,’ ती लिहिते, ‘सुट्टी संपली की आमचे संमेलन आहे. सातवीच्या मुलांनी जादूचे प्रयोग बसवले आहेत. शेवटचा प्रयोग दोराचा. दोर कसा उभा राहतो ते तुम्हांला सांगायचे नाही अशी पोरांनी मला शपथ घातली आहे. मला फक्त आधी चार वाक्ये बोलायची आहेत, की ही भारताची प्राचीन जादू, अमुक ग्रंथात हिचे वर्णन आहे, वगैरे. तेवढा ग्रंथ सांगा. आमचे इतिहासाचे सर म्हणतात, आधार नसेल तर “प्राचीन” हा शब्द उच्चारायचा नाही.’

हे इतिहासाचे सर मला न भेटताच आवडले.

भाची मात्र सरांवर रुसलेली. त्यांना गप्प करण्यासाठी तिने गावात साक्षी गोळा केल्या, आणि काय सांगावे, साक्षींचा ढीग पडला! एका आजोबांच्या वडिलांनी निझामाच्या राजवटीत पुरुषोत्तमपुरीच्या अधिकमासातल्या जत्रेत हा खेळ पाहिला होता. शेजारणीच्या सासऱ्यांच्या मामांनी परळीला पाहिला होता. एका निवृत्त कारकुनांच्या चुलत्यांनी तर हैदराबादेत पाहिला, आणि पोराचे तुटलेले हात खाली पडताना धपकन आवाज आला हेसुद्धा त्यांना पाठ होते. मौज अशी की ‘मी स्वतः पाहिले’ म्हणणारे एकही माणूस अख्ख्या गावात निघाले नाही. वाचकहो, तुमच्या घरी फराळाला मंडळी जमली की विचारून पाहा. पुण्यात, मुंबईत, नागपुरात, कुठेही हाच अनुभव येईल. दोराची जादू पाहणारा नेहमी आपल्यापेक्षा एक पिढी मोठा असतो.

खेळ तर सर्वांना तोंडपाठ आहे. उघडे मैदान, भर दुपार. जादूगार दोराचे वेटोळे वर फेकतो, तो काठीसारखा ताठ उभा राहतो. पोऱ्या सरसर चढतो आणि टोकाला पोचून नाहीसा होतो. जादूगार हाका मारतो, पोरगे उत्तर देत नाही. मग तोही दातांत सुरा धरून चढतो. वरून हात, पाय, मुंडके खाली पडते. तो उतरून सगळे तुकडे टोपलीत भरतो, झाकण उघडतो, आणि पोऱ्या हसत बाहेर! याचे स्पष्टीकरणही घरोघरी तयार असते : ‘अहो, नजरबंदी! सगळ्या लोकांवर एकदम मोहिनी घालतात. फोटो काढला तर त्यात काही येत नाही.’

आता हे फोटोचे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण चोर इथेच पकडला गेला.

८ ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतल्या ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात एक लेख आला. येल विद्यापीठाचे दोन पदवीधर, एक चित्रकार आणि एक छायाचित्रकार, हिंदुस्थानात गेले. गयेला त्यांनी एका फकिराचा खेळ पाहिला. चित्रकाराने भराभर रेखाटने केली, तर कागदावर दोर उभा आणि पोरगे चढलेले. छायाचित्रकाराने त्याच क्षणी फोटो घेतले, तर काचेवर नुसता बसलेला फकीर, ना दोर ना पोरगे. निष्कर्ष असा की फकिराने सर्व जमावावर मोहिनी घातली होती, कॅमेऱ्यावर तेवढी घालता आली नाही. लेख देशोदेशी उचलला गेला, भाषांतरे झाली. चार महिन्यांनी, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, एका चौकस वाचकाच्या पत्राला उत्तर देताना संपादकांनी कबूल केले की हकीकत बनावट आहे. मोहिनीविद्येचा मुद्दा गोष्टीच्या रूपाने मनोरंजक व्हावा म्हणून ती रचली होती. लिहिणारा त्यांचाच वार्ताहर, जॉन एल्बर्ट विल्की. गोष्टीतल्या छायाचित्रकाराचे नाव त्याने ठेवले होते फ्रेड एस. एलमोर. ‘एस. एलमोर’ भरभर म्हणून पाहा : ‘सेल मोअर’, म्हणजे ‘अधिक खपवा’! वार्ताहराने आपला हेतू नावातच सांगून टाकला होता. हाच विल्की पुढे १८९८ साली अमेरिकेच्या गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख झाला. माणसे पारखण्याची नजर त्याला असणारच.

कबुलीजबाब कोणी वाचतो का? लेख जगभर गेला, कबुली शिकागोतच राहिली. पुढे पीटर लॅमाँट या एडिंबरोच्या संशोधकाने (हे गृहस्थ स्वतः जादूगारही आहेत) हे सगळे कागद पुन्हा उकरून काढले आणि २००४ साली या एका जादूवर संपूर्ण पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे, आज आपण जिला ‘भारतीय दोराची जादू’ म्हणतो तिची कीर्ती खऱ्या अर्थाने या लेखापासून सुरू झाली. म्हणजे माजलगावच्या ओट्यावर ‘फोटोत येत नाही हो’ म्हणणारे आजोबा एका अमेरिकन वार्ताहराची थाप आपल्या वडिलांच्या नावाने सांगत आहेत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. मला यात आजोबांची थट्टा करायची नाही. शंभर वर्षांत गोष्ट कुठल्या कुठे जाऊन कोणाची होऊन बसते, त्याचा हा नमुना आहे.

इथपर्यंत वाचून भाचीने कळवले, ‘म्हणजे सर बरोबर? प्राचीन नाहीच?’ मी म्हटले, थांब, घाई करू नकोस. शिकागोच्या लेखाने कीर्ती दिली हे खरे. कल्पना त्याची नव्हे. कल्पनेचे कागद पुष्कळ जुने आहेत, फक्त ते वाचताना प्रत्येकाला विचारायचे, ‘बाबा रे, तू पाहिलेस की ऐकलेस, की नुसता दाखला देतोस?’

सर्वांत जवळचा माणूस घेऊ. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी. महंमद तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले, तेव्हा दिल्लीहून निघून तो आपल्या दौलताबादेवरून गेला. देवगिरीच्या किल्ल्याचे, मराठ्यांचे, तिथल्या गायक-गायिकांच्या बाजाराचे वर्णन त्याने केले आहे. माजलगावाहून सकाळच्या एसटीने निघाले तर दिवस मावळायच्या आत जिथे पोचता येईल, अशा ठिकाणी हा गृहस्थ राहून गेला. तर दोराची जादू त्याने इथे पाहिली का? नाही! ती त्याने पाहिली चीनमध्ये, हांगचौ शहरी, तिथल्या अमीराच्या मेजवानीत. जादूगाराने लांब वादी बांधलेला लाकडी गोळा वर फेकला, तो दिसेनासा झाला. पोरगा वादी धरून चढला, मागून जादूगार चढला, तुकडे खाली पडले, पुन्हा जोडले, लाथ मारताच पोरगा उभा. इब्न बतूताच्या छातीत धडधड सुरू झाली, त्याला औषध पाजावे लागले. दिल्लीच्या दरबारात जोग्यांचे खेळ पाहतानाही त्याचे असेच झाले होते, असे तोच सांगतो. आणि शेजारी बसलेले काजीसाहेब शांतपणे म्हणाले, कोणी वर चढले नाही, कोणी उतरले नाही, कोणाचे काही कापले गेले नाही. सगळी हातचलाखी आहे. चौदाव्या शतकातली ही साक्ष. मला त्या धडधडीपेक्षा काजीचे वाक्य मोलाचे वाटते. एकाच जागी बसून दोन माणसांनी दोन निरनिराळे खेळ पाहिले.

याहून जुना कागद हवा तर जातककथांकडे जावे लागते. ४८९ वी कथा, सुरुचि जातक. राजपुत्र महापनाद काही केल्या हसत नाही. त्याला हसवायला जादूगार बोलावले जातात. त्यांतला एक राजवाड्यासमोर एकाएकी आंब्याचे झाड उगवून दाखवतो, सुताचा गुंडा फांदीवर फेकून त्यावरून वर चढतो, कुबेराचे सेवक त्याचे तुकडे तुकडे करून खाली टाकतात, साथीदार ते जुळवून पाणी शिंपडतात, आणि तो उठून नाचू लागतो. राजपुत्र तरीही हसला नाही, हे मला फार आवडते. मुलांचे मन रमवण्यासाठी अंगण डोक्यावर घेणाऱ्या सर्व आजोबांनी ही कथा वाचावी. जातकांचे आजचे गद्य रूप साधारण पाचव्या शतकाचे मानतात. बघा, आंब्याची जादू आणि दोराची जादू एकाच कथेत एकत्र नांदत आहेत.

आणि तिसरा आधार आहे शंकराचार्यांचा. चमकू नका. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठीत आणलेले ब्रह्मसूत्रांचे शांकरभाष्य ज्यांच्या घरी वाडवडिलांच्या कपाटात असेल त्यांनी पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातले सतरावे सूत्र काढावे. तिथे ढालतलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी आहे, आणि खरा मायावी जमिनीवरच उभा आहे असा दाखला दिलेला आहे. गौडपादकारिकांवरच्या, आचार्यांच्याच नावाने चालत आलेल्या भाष्यात, पहिल्या प्रकरणातल्या सातव्या कारिकेखाली तर पूर्ण खेळ आहे : दोरी आकाशात टाकली, शस्त्रे घेऊन चढला, दिसेनासा झाला, युद्धात तुकडे होऊन पडला, पुन्हा उठला. माझा अंदाज विचाराल तर सांगतो. शिकवणारा माणूस दाखला देतो तो शिष्यांना माहीत असलेल्या गोष्टीचा. अनोळखी दाखल्याने विषय सोपा न होता अवघड होतो. तेव्हा त्या काळी अशा खेळाची गोष्ट लोकांच्या तोंडी होती, एवढे धरायला हरकत नाही. पण गोष्ट तोंडी होती म्हणजे खेळ मैदानात होत होता असे नव्हे. आपण अमावास्येच्या भुताचे दाखले देतोच की!

जहांगीर बादशहाचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते. बंगालच्या जादूगारांनी पन्नास हात लांब साखळी आकाशात फेकली आणि तिच्यावरून कुत्रा, डुक्कर, चित्ता, सिंह, वाघ एकामागून एक चढून नाहीसे झाले, अशी ती हकीकत. ती येते १८२९ साली मेजर प्राइस यांनी इंग्रजीत छापलेल्या आठवणींत, आणि त्यांच्यापुढे जी फारसी प्रत होती ती जाणकार अस्सल मानत नाहीत. म्हणून भाचीला मी स्पष्ट कळवले, जहांगिराला बोलावू नकोस, सर उभेच राहतील.

आता मी ज्या कागदाकडे येणार आहे तो आपल्या घरचा आहे, आणि या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त त्यानेच अडवून धरले.

१९१७ चा मे महिना. पुण्याजवळची खडकीची छावणी. लेफ्टनंट फ्रेडरिक विल्यम होम्स काही अधिकाऱ्यांबरोबर बंगल्याच्या व्हरांड्यात उभे होते. हे साधेसुधे गृहस्थ नव्हेत. १९१४ साली फ्रान्समध्ये ल काटोच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. समोर एक म्हातारा आणि एक पोरगा आले. म्हाताऱ्याने दोर उभा केला, पोरगा त्यावर चढला, टोकाला तोल सांभाळून राहिला. होम्ससाहेबांनी फोटो घेतला. हा फोटो १९१९ साली लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात छापून आला. शेरलॉक होम्सच्या कथा ज्या मासिकाने गाजवल्या तेच हे मासिक. आडनावाचा योगायोग निव्वळ गमतीचा. दोराच्या जादूचा पुरावा म्हणून हा फोटो पुढे वर्षानुवर्षे दाखवला गेला.

फोटोत काय आहे? एक माणूस, आणि त्याच्यासमोर उभ्या वस्तूच्या टोकावर एक मूल. मूल नाहीसे झालेले नाही. तुकडे पडलेले नाहीत. शिकागोच्या गोष्टीत कॅमेऱ्याला काहीच दिसले नव्हते. खडकीच्या कॅमेऱ्याला होते ते सगळे दिसले. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या मंडळाने १९३४ साली या प्रकरणाचा छडा लावायचे ठरवले. खरा खेळ करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनींचे बक्षीस लावले. मंडळाच्या समितीचे प्रमुख होते रॉबर्ट एलियट, मद्रासेत अनेक वर्षे डोळ्यांचे डॉक्टर म्हणून राहिलेले. डोळ्यांच्या डॉक्टरने नजरबंदीचा तपास करावा हेही छानच. त्यांनी त्या फोटोबद्दल म्हटले की हा दोर नव्हेच, ही लवचीक काठी आहे, बहुधा बांबूची. होम्ससाहेबांनीही पुढे मान्य केले की ती जादू नव्हती, तोल सांभाळण्याची कसरत होती. बक्षीस कोणाला मिळाले नाही. एक ‘कराची’ नावाचा जादूगार १९३५ साली पुढे आला, पण त्याच्या नावावर जाऊ नका. मूळचा इंग्रज, प्लिमथचा.

झाले. इंग्रजी पुस्तकांत खडकीचे प्रकरण इथे संपते : फोटो बनावट ठरला, पुढे चला. मला मात्र इथून पुढे जाता येईना. अहो, बांबूच्या टोकावर पोर! हे आपल्यातल्या कोणी पाहिलेले नाही? डोंबाऱ्याचा ढोल वाजू लागला की भांडी तशीच टाकून बायका दाराशी येत. दोन कैच्यांवर ताणलेला दोर, हातात आडवी काठी, डोक्यावर तांब्यांची उतरंड घेऊन चालणारी सात-आठ वर्षांची पोर. आणि मग तो बांबू. कधी बापाच्या कमरेच्या पट्ट्यात, कधी खांद्यावर रोवलेला, आणि टोकावर पोटाच्या आधाराने आडवे झालेले लेकरू, हात पाय चारी दिशांना पसरलेले. खाली गादी नाही, जाळे नाही; फक्त बापाची मान वर आणि डोळे पोरावर. ही जादू नव्हे, आणि ती जादू आहे असे खेळ करणारा कधी म्हणतही नाही. खडकीचा म्हातारा बहुधा हेच करत होता, आणि उत्तम करत होता. साहेबाने त्याला अद्भुत ठरवले, मग दुसऱ्या साहेबाने लबाडी ठरवले. होम्स यांचे नाव, हुद्दा, पदक, सारे प्रत्येक पुस्तकात छापून येते. म्हातारा आणि पोरगा तिथे नुसते ‘म्हातारा आणि पोरगा’ म्हणून उभे असतात. पुस्तकात आधार शोधणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट सहजासहजी गिळता येत नाही.

माजलगावच्या आजोबांच्या वडिलांनी जत्रेत काय पाहिले असेल, त्याचे उत्तर मला इथे सापडते असे वाटते. उंच बांबू, वर पोर, गर्दी, धूळ. बाकीचे पुढच्या पन्नास वर्षांत वाढले. याला नुसता माझा तर्क समजू नका. रिचर्ड वाइजमन आणि वर सांगितलेले लॅमाँट यांनी दोराची जादू पाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या हकिकती जमवून १९९६ साली ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकात एक टिपण लिहिले. हकीकत सांगणाऱ्याने खेळ किती वर्षांपूर्वी पाहिला ते त्यांनी मांडून पाहिले. जितका काळ अधिक लोटलेला, तितका खेळ अधिक अद्भुत! ताजा साक्षीदार सांगतो पोर चढले आणि उतरले. जुना सांगतो नाहीसे झाले. त्याहून जुना तुकडे मोजून देतो. यात खोटे बोलणारा कोणी नाही. लग्नातल्या पंगतीत आपण किती जिलब्या खाल्ल्या, याचा आकडाही दर दिवाळीला असाच वाढतो.

पुरुषोत्तमपुरीचाच एक ताम्रपट प्रसिद्ध आहे, रामचंद्रदेव यादवाचा, शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा. गावे दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. सातशे वर्षांनी आपण तो वाचू शकतो. त्याच गावच्या जत्रेत कोणी काय खेळ केला याचा पत्रा कोणी कोरला नाही. नाथांच्या भारुडांत गारुडी येतो तो अध्यात्म सांगायला. त्याच्या झोळीत काय काय होते याची यादी नाथांकडे मागणे हा आपला आगाऊपणा होईल.

मग गारुड्यांच्या खऱ्या खेळांना छापील आधार नाहीत का? आहेत, पण ते असे कडेकडेने सापडतात. आंब्याची कोय पुरून, वर कापड टाकून, झाड उगवून दाखवण्याचा खेळ फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने सतराव्या शतकात भडोचला पाहिला आणि लिहून ठेवला. पोराला टोपलीत घालून तलवारी खुपसायच्या, टोपली रिकामी दाखवायची आणि पोर गर्दीतून बोलवायचे, हा खेळ स्टोडेअर या जादूगाराने १८६५ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये रंगभूमीवर नेला. तो कसा करायचा हे प्रोफेसर हॉफमन यांच्या १८७६ सालच्या ‘मॉडर्न मॅजिक’मध्ये छापलेले आहे. हे प्रोफेसर खरे तर वकील, पण जादू शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांचे गुरू. पुस्तक आता घरबसल्या पडद्यावर उघडते. उलगडा मी इथे सांगणार नाही; एक तर तुमची मजा जाईल, आणि दुसरे, सातवीतली पोरे एवढी शपथ पाळतात तर सदरलेखकाने का पाळू नये? पण लक्षात घ्या, लंडनचा खेळ रंगमंचावरचा, पडद्याच्या आणि दिव्यांच्या आश्रयाचा. आपला गारुडी तो चारी बाजूंनी माणसे उभी असताना भर उन्हात करी. त्यासाठी लागणारे कसब त्या पुस्तकात नाही. ते बापाकडून पोराकडे गेले आणि जिथे पोर दुसऱ्या धंद्याला लागले तिथे थांबले.

रंगमंचावरची जादूच प्राचीन हवी असेल, तर तिचा आधार याहून भक्कम आहे, हे मी भाचीला मुद्दाम कळवले. हर्षाचे ‘रत्नावली’ नाटक, सातवे शतक, चौथा अंक. उज्जयिनीचा ऐंद्रजालिक राजापुढे येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, आकाशात देव दाखवतो आणि शेवटी राजवाड्याला आग लागल्याचा भास उभा करतो. नाटक पुढे सरकते ते त्या खोट्या आगीमुळे. इथे ‘प्राचीन’ म्हणायला सरांचीही हरकत असू नये.

शिवाय कौटिल्य आहेच, आणि त्याचा कागद हिशेबाचा असल्यामुळे मला अधिक विश्वासाचा वाटतो. नट, नर्तक, गायक, दोरावर कसरती करणारे, अशांची यादी देऊन अर्थशास्त्र सांगते की बाहेरून आलेल्या खेळवाल्यांनी खेळामागे पाच पण कर भरावा. कर घ्यायचा म्हणजे धंदा मानला. १९५९ साली मुंबई राज्यात भिक्षाप्रतिबंधाचा कायदा झाला. त्यात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणे, नाचणे, भविष्य सांगणे आणि खेळ करून दाखवणे, या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागणेही भीकच धरले गेले. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याची सापाची टोपली बंद झाली. सापांच्या बाजूने पाहता ते योग्यच झाले, दात काढलेल्या नागाचे हाल कोणाला पाहवतात? पण साप गेल्यावर उरली ती हातचलाखी, आणि ती पहिल्या कायद्याने भीक ठरलेली. कोल्हाटी, डोंबारी, गारुडी ही नावे आज महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत सापडतात. शाळेच्या दाखल्यासाठी ती यादी लागते. खेळ मात्र त्या यादीत कुठे लिहिलेला नसतो.

भाचीचे चार वाक्यांचे भाषण आता सहा वाक्यांचे झाले आहे. त्यात जातक आहे, शांकरभाष्य ‘दाखला’ म्हणून आहे, शिकागोची थाप आहे आणि खडकी आहे. इतिहासाच्या सरांनी ते वाचून ‘प्राचीन कल्पना’ असे दोन शब्द मंजूर केले. ‘प्राचीन जादू’ हे अजून त्यांच्या घशाखाली उतरत नाही. त्यांचेच बरोबर आहे.

राहता राहिला एक प्रश्न, तो तिच्या सातवीच्या पोरांनी विचारला : उघड्या मैदानात हा खेळ कधी कोणी खरेच केला आहे का? केला आहे. दिल्लीच्या कठपुतली कॉलनीत राहणारे इशामुद्दीन खान या पिढीजात जादूगारांनी १९९५ साली कुतुबमिनारजवळ दोर उभा करून दाखवला. पुंगी वाजवून टोपलीतून दोर निघाला, आधाराशिवाय ताठ झाला, आणि एक मुलगा त्यावर चढला. तो नाहीसा झाला नाही, त्याचे तुकडे पडले नाहीत, आणि फोटोही व्यवस्थित आले. विल्कीच्या लेखाला तेव्हा एकशे पाच वर्षे झाली होती. कठपुतली कॉलनी २०१७ साली पाडण्यात आली. दुसऱ्याच वर्षी दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तो मुंबईचा १९५९ चा भिक्षाप्रतिबंध कायदा, जो दिल्लीलाही लागू केलेला होता, त्याची भिक्षेला गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली.